बाईचा ट्रॉपोनिन ‘नॉर्मल’ आला म्हणजे नेमकं काय?

प्रश्न थोडक्यात असा: आम्ही परभणी जिल्ह्यातले. आई ५७ वर्षांची, बरीच वर्षं शुगर आहे. एका पहाटे तिच्या पोटाच्या वरच्या भागात दुखायला लागलं, दरदरून घाम आला, एक उलटी झाली. तासा-दीड तासात तालुक्याच्या गावी नेलं. ईसीजीत विशेष काही नाही म्हणाले. हृदयाला इजा झाली का ते दाखवणारी ट्रॉपोनिनची रक्ततपासणी केली, तो १९ आला आणि रिपोर्टवर ‘२६ पर्यंत नॉर्मल’ असं छापलेलं होतं. पित्ताचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं. तिसऱ्या दिवशी दम लागायला लागला म्हणून शहरात नेलं, तर तिथले डॉक्टर म्हणाले, अटॅक येऊन गेलाय. पहिला रिपोर्ट चुकीचा होता का? बायकांची मर्यादा वेगळी असते असं कुणीतरी सांगितलं, ते खरं आहे का?

उत्तर: रिपोर्ट चुकीचा असेल असं मला वाटत नाही. मशीनने १९ दाखवला म्हणजे त्या घडीला रक्तात साधारण तेवढाच ट्रॉपोनिन असणार. त्या आकड्याचा अर्थ मात्र घाईत लावला गेला. बायका-पुरुषांची सरमिसळ करून काढलेल्या मर्यादेशी तो ताडून पाहिला, हे एक. आणि दुसरं सॅम्पल घेतलंच नाही, हे दुसरं. तुम्ही विचारलंय पहिल्याबद्दल, पण माझ्या मते जास्त नुकसान दुसऱ्याने केलं. दोन्ही सांगतो.

ट्रॉपोनिन हे स्नायूच्या पेशीतलं प्रथिन. त्यातले ‘आय’ आणि ‘टी’ हे दोन प्रकार हृदयाच्या स्नायूत वेगळ्या घडणीचे असतात, म्हणून ते रक्तात वाढलेले दिसले की इजा हृदयाला झाली हे कळतं. वडीलधाऱ्यांच्या जुन्या फायली काढून बघा, त्यात एसजीओटी, एलडीएच, सीपीके-एमबी असल्या तपासण्या सापडतील. त्या लिव्हरच्या किंवा हातापायाच्या स्नायूंच्या इजेनेही वाढायच्या. १९८९ च्या सुमारास जर्मनीतल्या हायडेलबर्गमध्ये ट्रॉपोनिन टी मोजण्याची पद्धत निघाली आणि २००० साली हृदयविकाराच्या झटक्याची व्याख्याच ट्रॉपोनिनभोवती नव्याने लिहिली गेली. आज जी ‘हाय सेन्सिटिव्हिटी’ तपासणी मिळते ती इतकी बारीक आहे की निरोगी माणसाच्या रक्तातलाही थोडा ट्रॉपोनिन तिला दिसतो. बायका-पुरुषांतला फरक लक्षात आला तो त्यामुळेच. जुन्या तपासणीत दोघांचेही आकडे ‘दिसत नाही’ या एकाच खान्यात जायचे.

आता ही मर्यादा ठरते कशी? शेकडो निरोगी माणसांचं रक्त तपासतात आणि शंभरातले नव्याण्णव जण ज्या आकड्याच्या खाली येतात, तो आकडा वरची मर्यादा म्हणून धरतात. निरोगी बायकांचे आकडे निरोगी पुरुषांपेक्षा मुळातच कमी असतात. मोठं कारण म्हणजे बायकांच्या हृदयाच्या स्नायूचं वजन कमी. संप्रेरकांचाही वाटा असावा, आणि ‘निरोगी’ म्हणून निवडलेल्या पुरुषांत रक्तवाहिन्यांचा छुपा आजार जास्त असतो, हेही असावं. कारण काहीही असो, दोघांचं रक्त एकत्र करून मर्यादा काढली की ती मधेच कुठेतरी पडते. पुरुषांना ती जरा कडक ठरते आणि बायकांना सैल.

तुमच्या रिपोर्टवरचा २६ हा आकडा ओळखीचा आहे. अ‍ॅबट कंपनीच्या आर्किटेक्ट मशीनवरच्या हाय सेन्सिटिव्हिटी ट्रॉपोनिन आय तपासणीची ती एकत्रित मर्यादा. त्याच तपासणीची वेगवेगळी मर्यादा पाहिली तर बायकांसाठी १६ आणि पुरुषांसाठी ३४, नॅनोग्रॅम प्रति लिटरमध्ये. तपासणी हीच असेल, तर तुमच्या आईंचा १९ बायकांच्या मर्यादेच्या वर जातो. तोच १९ तुमच्या वडिलांचा असता तर मर्यादेच्या बराच खाली राहिला असता. पण हे आकडे दुसऱ्या मशीनला लावू नका. सीमेन्सचे, बेकमनचे आकडे निराळे. रोशची तपासणी तर ट्रॉपोनिन टीची, तिची नेहमीची मर्यादा १४. एका लॅबचा आकडा दुसऱ्या लॅबच्या मर्यादेशी जोडून ‘वाढला’, ‘कमी झाला’ म्हणणारे नातेवाईक मला नेहमी भेटतात. कधीकधी डॉक्टरही भेटतात.

या फरकाचा परिणाम किती, हे स्कॉटलंडमधल्या एडिंबराच्या अभ्यासातून चांगलं पुढे आलं. २०१५ साली तो ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. छातीत दुखतंय म्हणून दाखल झालेल्या ११२६ रुग्णांत जुन्या तपासणीने आणि जुन्या एकाच मर्यादेने ११ टक्के बायकांना हार्ट अटॅकचं निदान होत होतं. हाय सेन्सिटिव्हिटी तपासणी आणि बायकांची वेगळी मर्यादा वापरल्यावर तेच प्रमाण २२ टक्के झालं. पुरुषांत ते १९ वरून २१, म्हणजे जवळपास तिथंच. ज्या बायकांना आधी ‘काही नाही’ म्हटलं होतं त्यांना पुढच्या वर्षभरात पुन्हा अटॅक किंवा मृत्यूचा धोका चांगलाच होता. २०१८ मध्ये झटक्याची चौथी सर्वमान्य व्याख्या आली, तिनेही हाय सेन्सिटिव्हिटी तपासणीसाठी स्त्री-पुरुषांच्या वेगळ्या मर्यादा वापरा असं सांगितलं.

एवढ्यावर थांबलो तर मात्र अर्धंच चित्र दिसेल. त्याच स्कॉटलंडमध्ये पुढे १० रुग्णालयांत ४८ हजारांहून जास्त रुग्णांवर मोठी चाचणी झाली. वेगळ्या मर्यादेमुळे हृदयाला इजा झालेल्या जास्तीच्या ज्या व्यक्ती सापडल्या, त्यांत बायका पुरुषांच्या पाचपट होत्या. पण वर्षभरानंतर पाहिलं तर पुढचे अटॅक आणि मृत्यू कमी झालेले नव्हते. का? एक कारण त्याच आकडेवारीत आहे: निदान झाल्यावरसुद्धा बायकांना हृदयवाहिन्यांच्या आजाराचे उपचार पुरुषांच्या जवळपास निम्मेच मिळाले. दुसरं कारण असं की मर्यादा खाली आणली की खरे अटॅक सापडतात, तशा ज्यांना अटॅक नाही पण दुसऱ्या कशाने तरी हृदयाला ताण आलाय अशाही बायका जाळ्यात येतात. किडनी खराब असलेल्या, हार्ट फेल्युअरच्या, जंतुसंसर्गाने गळालेल्या, हिमोग्लोबिन पाच-सहावर आलेल्या. आपल्याकडच्या वॉर्डात अशा बायका किती असतात हे वेगळं सांगायला नको. त्यांना सरसकट रक्त पातळ करण्याची इंजेक्शनं दिली तर फायद्यापेक्षा तोटा व्हायचा. आणि ट्रॉपोनिन टीच्या तपासणीत वेगळ्या मर्यादेने निदानात फारसा फरक पडत नाही, असंही युरोपातल्या एका अभ्यासात दिसलंय. त्यामुळे ‘बायकांची मर्यादा लावली की प्रश्न मिटला’ असं मी म्हणणार नाही. ती लावावी या मताचा मी आहे, एवढंच.

आता दुसऱ्या सॅम्पलकडे येतो.

पहाटे दुखायला लागलं आणि तासा-दीड तासात रक्त घेतलं. हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यावर ट्रॉपोनिन रक्तात यायला वेळ लागतो. हाय सेन्सिटिव्हिटी तपासणीतही पहिल्या दोन-तीन तासांत आकडा फसवू शकतो, जुन्या तपासणीत तर चार-सहा तास थांबावं लागायचं. म्हणून व्याख्येतच लिहिलंय की आकडा चढताना किंवा उतरताना दिसला पाहिजे. एका आकड्यावरून चढ-उतार कळणार कसा? ओढ्याचं पाणी पुलाच्या खाली आहे एवढं बघून भागत नाही, ते वाढतंय की ओसरतंय हे बघायला घटकाभर काठावर थांबावंच लागतं.

युरोपच्या हृदयरोग संघटनेची पद्धत बघा. ती बायका-पुरुषांना एकच आकडे लावते, म्हणजे त्या बाबतीत माझ्या मताच्या विरुद्ध. पण त्या पद्धतीतही तुमच्या आई घरी गेल्या नसत्या. अ‍ॅबटच्या या तपासणीसाठी तिथे नियम असा: दुखायला लागून तीन तास उलटलेत आणि आकडा ४ च्या खाली, तरच एका सॅम्पलवर अटॅक नाही म्हणायचं. नाहीतर तासाभराने पुन्हा रक्त घ्यायचं. पहिला आकडा ५ च्या खाली आणि तासाभरातली वाढ २ पेक्षा कमी, तर सोडायला हरकत नाही. ६४ किंवा वर, नाहीतर तासात ६ किंवा जास्त वाढ, तर अटॅक धरून चालायचं. मधले सगळे ‘निरीक्षणाखाली’, म्हणजे आणखी तपासण्या आणि तीन तासांनी पुन्हा रक्त. १९ हा आकडा पहिल्या सॅम्पलपुरता याच मधल्या पट्ट्यात येतो. म्हणजे ‘२६ पर्यंत नॉर्मल’ हा छापील शेरा वाचून घरी सोडणं कुठल्याच पद्धतीत बसत नाही.

शुगरच्या रुग्णात हे आणखी लागू पडतं. किडनीवर थोडा परिणाम झालेल्या मधुमेही बाईचा ट्रॉपोनिन एरवीही वीस-तीसच्या घरात राहू शकतो. तिचा १९ हा नेहमीचा १९ की चढत्या वाटेवरचा १९, हे दुसरं सॅम्पलच सांगतं.

तालुक्याच्या ठिकाणची अडचण मला ठाऊक आहे, मीही मराठवाड्यातच प्रॅक्टिस करतो. तुमच्याकडे किमान आकडा तरी मिळाला. बऱ्याच छोट्या दवाखान्यांत अजून कार्ड टेस्ट होते. साबणाच्या वडीपेक्षा लहान प्लास्टिकची पट्टी, तिच्या खळग्यात रक्ताचे दोन-तीन थेंब, पंधरा मिनिटं थांबायचं. ‘सी’पाशी रेघ उमटली म्हणजे कार्ड चालू आहे, ‘टी’पाशीही उमटली तर पॉझिटिव्ह. बाजारातल्या अशा अनेक ट्रॉपोनिन आय कार्डांवर ही दुसरी रेघ ०.३ ते ०.५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या पुढेच उमटते. लिटरमध्ये सांगायचं तर ३०० ते ५००. बाईची मर्यादा १६ आणि कार्डाला दिसायला लागतं ३०० पासून! कार्ड पॉझिटिव्ह आलं तर उपयोग आहे, धावपळ करा. निगेटिव्ह आलं तर त्याच्यावर, विशेषतः पहिल्या काही तासांत, भरवसा ठेवू नका. ‘ट्रॉप-टी निगेटिव्ह’ असं कागदावर लिहून आलेला रुग्ण माझ्यापुढे आला की माझा पहिला प्रश्न असतो: कार्ड की मशीन, आणि किती वाजता?

एककांचा घोळही इथंच सांगून टाकतो. एक लॅब ०.०४ लिहिते, दुसरी ४०. पहिला आकडा नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरचा, दुसरा नॅनोग्रॅम प्रति लिटरचा किंवा पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरचा, आणि दोन्ही तंतोतंत सारखे. ‘काल ०.०४ होता, आज ४० झाला’ म्हणून घाबरलेली आणि याच्या उलट समजून निर्धास्त झालेली, दोन्ही तऱ्हेची माणसं असतात.

आणखी एक गोष्ट बायकांच्याच बाबतीत जास्त लागू पडते: केस गळतात म्हणून घेतलेल्या बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या. काही मशीनच्या तपासण्यांत मोठ्या मात्रेतलं बायोटिन लुडबुड करतं आणि ट्रॉपोनिन खोटा कमी येतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. त्यानंतर काही तपासण्या सुधारल्यात, तरी अशी गोळी चालू असेल तर रक्त घेतानाच सांगा. ‘ते काय औषध थोडंच आहे’ असं म्हणून ती गोळी कुणी सांगत नाही.

लक्षणांबद्दल लोकांत एक समज पसरलाय की बायकांना छातीत दुखतच नाही. ते खरं नाही. अमेरिका आणि स्पेनमधल्या ५५ वर्षांपर्यंतच्या रुग्णांचा ‘व्हर्गो’ नावाचा मोठा अभ्यास आहे. त्यात दहातल्या जवळपास नऊ बायकांना छातीत दुखणं, जड वाटणं होतंच, पुरुषांइतकंच. फरक इतका की बायका त्यासोबत आणखी तीन-चार गोष्टी सांगतात: जबडा, पाठ, मळमळ, थकवा, धडधड. ऐकणारा त्यातली सोयीची गोष्ट उचलतो. त्या अभ्यासात आधी डॉक्टरकडे जाऊन आलेल्या बायकांपैकी निम्म्याहून जास्त जणींना ‘हे हृदयाचं वाटत नाही’ असं ऐकावं लागलं होतं, पुरुषांत हे प्रमाण ३७ टक्के. आपल्याकडची बाई येते तेव्हा ‘छातीत दुखतंय’ हे शब्द बहुतेक वापरतच नाही. ‘उरात भरून आल्यावानी झालंय’, ‘जीव घाबरा होतोय’, ‘पाठीतून कळ निघाली’, ‘हातापायातलं बळच गेलं’. सोबत आलेला मुलगा किंवा मालक पटकन सांगून टाकतो, ‘पित्ताचा त्रास आहे तिला पहिल्यापासून’. शुगर असेल तर दुखणं बोथट होतं आणि नुसता घाम, दम, उलटी एवढंच उरतं. तुमच्या आईंचं चित्र अगदी असंच आहे.

धोका मोजतानाही आपले प्रश्न पुरुषी असतात. ‘बिडी-सिगारेट?’ बाई नाही म्हणते, खरंच सांगते. ‘मिसरी लावता का?’ विचारलं की हो म्हणते, वीस वर्षांपासून. ती तंबाखूच आहे. तसाच दुसरा प्रश्न: पिशवी काढलीय का, कितव्या वर्षी? २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चर्चा विधिमंडळापर्यंत गेली, चौकशी समिती नेमली गेली. ती चर्चा बहुतेक स्त्रीरोगाच्या अंगाने झाली. मला हृदयाच्या अंगाने सांगायचंय: पिशवीबरोबर अंडाशयंही काढली तर पस्तिशीतल्या बाईची पाळी त्या दिवशी कायमची जाते, आणि इस्ट्रोजेनचं जे संरक्षण पन्नाशीपर्यंत पुरायचं ते तिथंच संपतं. अशा बाईला चाळिशीत छातीत दुखलं तर ‘एवढ्या लहान वयात कुठला अटॅक’ हे वाक्य मनातसुद्धा आणू नये. गरोदरपणात बीपी किंवा शुगर वाढलेली असेल तर तेही सांगावं.

एक फाटा राहतो. कधीकधी ट्रॉपोनिन वाढलेला असतो, ईसीजीत बदल असतात, पण अँजिओग्राफीत वाहिन्या मोकळ्या निघतात. असे रुग्ण शंभर अटॅकमध्ये साधारण सहा, आणि त्यांत बायकांचा वाटा नेहमीच्या अटॅकपेक्षा जास्त. मग घरचे म्हणतात, ‘म्हणजे उगाच घाबरवलं’. उगाच नसतं ते. वाहिनीला आकडी आलेली असते, बारीक गाठ येऊन विरघळलेली असते, तरुण बाईत, विशेषतः बाळंतपणाच्या आगेमागे, वाहिनीचं अस्तर फाटलेलं असू शकतं. घरात अचानक मृत्यू झाला, मोठा धक्का बसला, त्यानंतर पाळी गेलेल्या बाईचं हृदय फुग्यासारखं फुगतं असाही एक आजार आहे, जपानी डॉक्टरांनी त्याला टाकोत्सुबो नाव दिलं. प्रत्येकाचा उपचार वेगळा, म्हणून ‘वाहिन्या मोकळ्या’ म्हटल्यावर फाइल बंद करू नका, पुढे काय ते विचारा.

पुन्हा अशी वेळ आली, तुमच्यावर किंवा शेजारच्यांवर, तर काय करायचं? नाभीच्या वर आणि जबड्याच्या खाली कुठंही दुखलं, सोबत घाम किंवा दम असेल, तर १०८ ला फोन करा आणि जिथं ईसीजी निघतो तिथं आधी जा. ट्रॉपोनिनसाठी लॅब शोधत फिरू नका. ईसीजीत मोठ्या अटॅकची खूण स्पष्ट असेल तर ट्रॉपोनिनच्या रिपोर्टची वाट बघायचीच नसते, गाठ विरघळवणारं इंजेक्शन किंवा अँजिओप्लास्टी लगेच. पहिला ईसीजी साधा आला तर दुखणं चालू असेपर्यंत पंधरा-वीस मिनिटांनी तो पुन्हा काढायला सांगा. दुखणं किती वाजता सुरू झालं ते कागदावर लिहून ठेवा, डॉक्टरला सगळ्यात जास्त उपयोग त्याचा होतो. ट्रॉपोनिन केला तर विचारा: मशीनवर केला का, पुन्हा कधी करणार, आणि बायकांची मर्यादा किती धरलीत? विचारायला संकोच वाटला तरी मधला प्रश्न सोडू नका. दुसरं सॅम्पल तिथं होणारच नसेल तर जिथं होतं तिथं पाठवा म्हणावं. छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, अंबाजोगाई, लातूर, नांदेड, परभणी, जे जवळ पडेल ते.

आता तुमच्या आईंचं. अँजिओग्राफी झालेली नसेल तर ती कधी करायची हे तिथल्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारा. शुगर आहे म्हणून आधी किडनीसाठी क्रिएटिनिन बघतीलच. टुडी इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, हृदयाची ताकद किती टक्के आली तो आकडा लक्षात ठेवा, ती कमी झाल्यामुळेच दम लागत असणार. पैशांची ओढाताण असेल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी बसते, रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या आणि कोलेस्टेरॉलची गोळी ‘आता बरं वाटतंय’ म्हणून परस्पर बंद करू देऊ नका. बायकांच्या बाबतीत हे फार होतं. स्वतःच्या गोळ्या संपल्या तर त्या घरात बोलतही नाहीत. महिन्याच्या महिन्याला पाकीट तुम्हीच बघा.

आणि पहिल्या दिवसाचा तो ईसीजी, तो १९ चा रिपोर्ट, दोन्ही जपून ठेवा, पुढच्या प्रत्येक ईसीजीशी ताडून बघायला ते लागतात. ईसीजीचा गुळगुळीत कागद उन्हाने आणि प्लास्टिकच्या पिशवीत ठेवल्याने वर्षा-दोन वर्षांत कोरा पडतो, तेव्हा आजच मोबाइलमध्ये त्याचा नीट फोटो काढून घ्या.